चिंधी पांढरी राहिली ती वर्षं

हे मी कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही — आणि तिच्याजवळ तर मी साधं डोकं दुखलं तरी बोलायचो. ती गेली, त्याला चार वर्षं झाली. मुलाजवळ नाही. ज्या सरांच्या हाताखाली उभी नोकरी काढली त्यांच्याजवळ तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याजवळ सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाही. तीनदा लिहायला बसलो आणि तिन्ही वेळा आधी स्वतःबद्दल दोन बरे शब्द लिहून मोकळा झालो. ते कागद फाडले.

मी गोंदियातल्या एका कॉलेजात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होतो. बाटल्या धुणं, बर्नर लावणं, पोरांनी सांडलेलं पुसणं. नोकरीच्या शेवटच्या दहा-बारा वर्षांत मात्र एक वेगळं काम हाती आलं. हवा मोजायचं.

हवा मोजतात म्हणजे काय करतात? यंत्र एखाद्या छतावर ठेवायचं. ते दिवसभर घुर्र करत हवा ओढतं आणि एका पांढऱ्या कागदातून गाळतं. कागद आधी तोलायचा, नंतर तोलायचा. जेवढं वजन वाढलं तेवढी त्या दिवसाची धूळ. कागदाला ओल लागली तर वजन चुकतं, म्हणून तो तोलण्याआधी काचेच्या बंद भांड्यात दिवसभर सुकवायचा, बोट लावायचं नाही, चिमट्यानं उचलायचा. हे सगळं मी फार नीट करायचो. नीट करायचो म्हणूनच पुढचं सांगणं जड जातं. मला कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

आमच्या यंत्रांपैकी एक सौंदडच्या पुढे, आतल्या एका गावात होतं. गावाचं नाव लिहीत नाही. त्या गावानं काही लपवलेलं नाही, लपवलं ते मी. गावाच्या कडेला उसना, म्हणजे उकड्या तांदळाची मिल. धान भिजवून वाफवायला बॉयलर लागतो आणि बॉयलरला जाळायला धानाचाच कोंडा. मिलच्या भिंतीपासून चाळीसेक पावलांवर अंगणवाडीची इमारत — दोन खोल्या, वर स्लॅब. त्या स्लॅबवर आमचं यंत्र. आठवड्यातून दोन दिवस मी तिथं जायचो.

तेव्हा राख डोळ्यांना दिसायची. काळी, हलकी, भाताच्या तुसासारखीच लांबट. दोरीवरच्या कपड्यांवर पडायची, पाण्याच्या पितळी गुंडावर पडायची, वाळत घातलेल्या मोहफुलांवर पडायची. अंगणवाडीतली पोरं दुपारी खिचडी खाताना ताटावर एक हात आडवा धरून खायची. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. एकाचं पाहून दुसऱ्यानं.

अंगणवाडी चालवायच्या त्या शेवंताबाई. गावातल्याच, तळ्याखालच्या धानशेतीवाल्या घरातल्या. तेव्हा पन्नाशीच्या आसपास, किरकोळ अंगाच्या, आवाज मात्र पार तळ्याच्या पाळीपर्यंत जाईल असा. पहिल्याच महिन्यात त्यांनी मला जिन्यात अडवलं होतं.

“साहेब, तुमची मशीन आठ दिवसांतून दोनदा चालते. धूर तं रोज येते जी. बाकीचे दिवस कोन मोजन?”

मला कुणी साहेब म्हटलं नव्हतं कधी. मी काहीतरी उत्तर दिलं. पुढच्या खेपेला गेलो तर त्यांनी स्वतःच सोय करून ठेवली होती. सासऱ्यांच्या जुन्या पांढऱ्या धोतराच्या हातभर चिंध्या फाडल्या होत्या. सकाळी एक चिंधी खिडकीच्या गजाला बांधायची, अंगणवाडी सुटताना काढायची, कोपऱ्यावर पेनानं तारीख घालायची आणि हजेरीपटात ठेवायची. चिंधी ओली करून बांधा, म्हणजे राख चिकटेल, एवढं मी सांगितलं. ती माझी त्यात भर. त्या चिंध्या मी दर खेपेला पाहायचो आणि मनात माझ्या आकड्यांशी ताडून बघायचो. बहुतेक वेळा जुळायचं. जास्त धूळ, काळी चिंधी. मी बाईंना म्हटलंही, तुमची चिंधी म्हणजे आमच्या यंत्राची बहीण. त्या फार खूश झाल्या होत्या.

याच बाईंनी मग आयांना घेऊन पोरं तिथून हलवली. गावाच्या दुसऱ्या टोकाला मारुतीचं देऊळ आहे, त्याच्या मंडपात अंगणवाडी भरवायला लागल्या. सरकारी इमारत रिकामी आणि पोरं देवळात, यावरून वरच्या कार्यालयातून चौकशी आली. पंचायतीत बैठक झाली. एका बाजूला बाईंचा हजेरीपट, त्यात दीड वर्षाच्या चिंध्या. दुसऱ्या बाजूला माझे आकडे. दोन्ही एकच बोलत होते. मिलमालकाला चिमणीच्या आधी पत्र्याचा एक मोठा शंकू बसवावा लागला — सायक्लोन म्हणतात त्याला. धूर त्यात गरगर फिरतो, जड राख भिंतीला आपटून खाली बसते आणि उरलेला धूर वर जातो.

उरलेला धूर वर जातो. हे वाक्य लक्षात ठेवा. मला तेव्हाही माहीत होतं.

शंकू बसला आणि पंधरा दिवसांत चिंधी पांढरी झाली. खरंच सांगतो, डोळ्यांवर विश्वास बसेना. गजाला बांधलेली चिंधी संध्याकाळी तशीच्या तशी. माझ्या यंत्रावरची धूळही उतरली. सव्वीस जानेवारीला पंचायतीसमोर कार्यक्रम झाला. मला मंचावर बोलावलं. शाल, नारळ. मिलमालक गोंदियाचे, ते माईकवर हसत म्हणाले, “इन भाई साहब ने तो हमारी चिमनी को नथनी पहना दी!” सगळे हसले. शेवंताबाई तर तोंडाला पदर लावून हसत होत्या.

हे मी का सांगतो आहे? कारण मंचावर मला खुर्ची होती. प्रयोगशाळेत मी उभा राहणारा माणूस. ‘अरे, ते स्टूल इकडे आण’ — हे ज्याला म्हणतात तो. सर भले होते, त्यांनी कधी अपमान केला नाही, पण त्यांच्यासमोर मी कधी बसलोही नाही. त्या दिवशी मी खुर्चीवर बसलो आणि सरांनी खाली उभं राहून टाळ्या वाजवल्या. तालुक्याच्या बातम्यांत फोटो आला. बायकोनं तो कापून देवघराशेजारी लावला. मी धूर घालवणारा माणूस झालो होतो. आणि मला ते — काय शब्द वापरू — मला ते सोडवेना.

आता इथून मी जरा हळू लिहितो.

त्याच सुमारास मोजायचे नियम बदलले. आधी हवेतली एकूण धूळ तोलायचे. नव्या मानकांत ती मोजणीच गेली. तिच्या जागी बारीक धूळ आणि त्याहूनही बारीक, अडीच मायक्रॉनपर्यंतची. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ती नाकात अडत नाही, घशात अडत नाही. थेट छातीत तळापर्यंत जाते आणि तिथून रक्तात. मोठी राख आपण शिंकरून टाकतो, थुंकून टाकतो. ही टाकता येत नाही. म्हणून नियम बदलले होते.

सरांनी खटपट करून तसलं एक नवं यंत्र आणलं. उंच, सडपातळ, आवाजही कमी. त्याचा कागद अगदी लहान — पाणीपुरीच्या पुरीएवढा गोल. सरांचा पहिला विचार हाच, की आपलं सुधारलेलं गाव आधी मोजू. म्हणजे दाखवता येईल. मीच ते यंत्र गाडीत घालून नेलं, मीच स्लॅबवर बसवलं. खालची अंगणवाडी अजून रिकामीच होती. पोरं देवळात.

दुसऱ्या दिवशी कागद काढला.

तुम्ही कधी कंदिलाची काच पुसलेलं बोट पाहिलं आहे? तसा होता. खिडकीला बाईंची चिंधी पांढरीशुभ्र आणि माझ्या चिमट्यात तो काळा ठिपका.

मला वाटलं, काहीतरी चुकलं. पुन्हा कागद लावला. पुन्हा तसाच. सुकवले, तोलले. नव्या मर्यादेच्या वर — जरासं नाही, चांगलंच वर. वारा मिलकडून नसेल असा दिवस पाहून लावला. थोडा कमी, तरी वरच. मिल दुरुस्तीसाठी बंद होती त्या दिवशी लावला. कागद फिका राखाडी आला, मर्यादेच्या आत. मग बॉयलर पेटला, की पुन्हा काळा. महिनाभरात अकरा कागद झाले. काय कळायचं ते मला कळून चुकलं होतं. शंकूनं जड राख पकडली होती. बारीक धूर जसा होता तसाच येत होता, फक्त आता तो दिसत नव्हता. चिंधीला चिकटतच नाही तो. आधी निदान ताटावर हात धरता यायचा.

हे आकडे मी सरांच्या रजिस्टरमध्ये लिहिले नाहीत. एका वेगळ्या वहीत लिहिले. का? तेव्हा मनाला सांगितलं, आधी खात्री करू. अकरा कागदांनंतर कसली खात्री?

आणि मग ती सकाळ आली.

शेवंताबाई रिकाम्या इमारतीची झाडलोट करायला रोज यायच्या. सरकारी वास्तू, धूळ साचू द्यायची नाही म्हणून. मी स्लॅबवरून उतरत होतो. त्या खाली झाडू घेऊन उभ्या. बरोबर दोन-तीन आया होत्या, पोरं कधी परत आणायची हे विचारायला आलेल्या. पावसाळा तोंडावर होता, देवळाचा मंडप गळायचा.

“साहेब, तुमाले एक विचारू का? कपडा तं आता पांढरा राहते. मंग मले दम काऊन लागून राहिला? देवळात बसतो तवा नाही लागत. इथं झाडाले आली का छातीत बसते जी.”

वही माझ्या पिशवीत होती. खांद्याला लटकलेली. मी हात लांब केला असता तर लागली असती.

मी विचारलं, “बाई, घरी चूलच आहे ना?”

“चूलच हाये जी. सरपनावरची.”

“मग तो धूर चुलीचा. चिंधी काय सांगते? चिंधी पांढरी, म्हणजे हवा साफ. आणा पोरं परत.”

एवढंच. एवढं बोलायला किती वेळ लागतो? मी बोललो आणि त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी उतरलेली मी पाहिली. एक आई म्हणाली, “पाहा, साहेबच म्हनते आता.” दुसरी हसत म्हणाली, “शेवंताकाकूले धुराची सवयच पडली, आता धूर नाही तं करमत नाही वाटते.” त्या सगळ्या हसल्या. शेवंताबाईही हसल्या. आणि मी — मीही हसलो.

दुसऱ्या आठवड्यात गेलो तर अंगणवाडी भरलेली होती. खिडकीत पांढरी चिंधी आणि खाली पोरं एका सुरात गाणं म्हणत होती.

तुम्हाला वाटेल, झाली कबुली. मलाही वाटलं होतं इथं थांबावं. आधीचे जे कागद फाडले त्यातल्या एकात मी इथंच थांबलो होतो. पण एवढंच केलं असतं तर पुढं दुरुस्त करता आलं असतं. मी दुरुस्तीची वाटच बंद केली. ते लिहायचं राहिलं आहे.

नवं यंत्र महिनाभर तिथं आहे आणि रजिस्टरमध्ये एकही आकडा नाही, हे सरांच्या लक्षात येणारच होतं. त्यांनी विचारलं. मी म्हणालो, सर, यंत्र हवा सोडतं. कुठूनतरी गळती आहे, कागदाचे आकडे धरता येत नाहीत. सर म्हणाले, मी येऊन पाहतो.

गळती आहे की नाही हे पाहायची पद्धत सोपी असते. यंत्राच्या तोंडावर तळवा दाबून धरायचा. आतून कुठं भोक नसेल, तर हवा ओढायला जागाच उरत नाही आणि काटा शून्यावर येतो. शून्यावर आला नाही, तर हवा दुसरीकडून शिरते आहे.

सर येणार त्या दिवशी सकाळी मी आधीच्या गाडीनं गेलो. स्लॅबवर चढलो. जिथं कागद बसतो तिथं एक कडं असतं, हातानं फिरवून घट्ट करायचं. ते मी अर्धा आटा सैल केलं. फक्त अर्धा. डोळ्यांना दिसत नाही. हाताला कळतं, आणि त्या कड्याला हात फक्त माझाच लागायचा.

सर आले. धापा टाकत जिना चढले. त्यांनी तोंडावर तळवा ठेवला आणि वाकून काट्याकडे पाहिलं. मी त्यांच्या मागं उभा होतो. खालून पोरांचा आवाज येत होता. काटा थरथरला, खाली येऊ लागला — वाटलं अर्धा आटा कमी पडला — आणि मध्येच थांबला. शून्याच्या वर.

“हो रे. लीक आहे,” सर म्हणाले. “बरं झालं तू पकडलंस. नाहीतर आपण चुकीचे आकडे दिले असते.”

बरं झालं तू पकडलंस. हे त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवून म्हटलं.

यंत्र परत आणलं. कंपनीचा माणूस दुरुस्तीला येईपर्यंत कितीतरी महिने गेले. तो आला त्या दिवशी मी कडं आधीच घट्ट करून ठेवलं होतं. त्याला काही सापडलं नाही, तरी त्यानं रबराचं एक वायसर बदललं आणि गेला. त्यानंतर ते यंत्र दुसऱ्या ठिकाणी गेलं, तिकडं ते ठीक चाललं. त्या गावाच्या अहवालात मी स्वतः टाइप केलं : ‘अतिसूक्ष्म कणांचे मापन यंत्रातील बिघाडामुळे होऊ शकले नाही. दृश्य काजळीत लक्षणीय घट.’ खाली, नमुने घेणारा, म्हणून माझी सही. सरांनी माझ्या शब्दावर सही केली. ते आता नाहीत. त्यांच्या नावावरही मी हे ठेवून दिलं आहे.

पुढं निवृत्त होईपर्यंत, सहा वर्षं, मी त्या स्लॅबवर जात राहिलो. जुनं यंत्र कॉलेजच्या नोंदीसाठी तिथंच चालू होतं, त्याचा कागद बदलायला. खाली पोरं खोकायची. काही थोडी, काही सारखी. मी स्वतःला म्हणायचो, चुलीचा धूर. घरात चूल, कोपऱ्यात अगरबत्ती, शेतात धसकटं जाळतात. हे खोटं नव्हतंच. चुलीचा धूर असतोच. मग घरोघर गॅस आला, निदान निम्म्या चुली विझल्या. मी कान देऊन ऐकायचो, खोकला निम्मा झाला का? नव्हता झाला. त्यातला किती मिलचा आणि किती चुलीचा, मला सांगता येणार नाही. कुणालाच येणार नाही आता. सांगता आलं असतं. तेवढ्यासाठीच तर ते यंत्र होतं.

वही जाळली नाही. का नाही, ते मला ठाऊक नाही. चांगुलपणा म्हणून ठेवली असं कुणी म्हणू नये. जाळायला घेतली असती तर उघडावी लागली असती, कदाचित एवढंच.

गेल्या महिन्यात पेपरात कोपऱ्यात एक नोटीस वाचली. त्याच मिलला दुसरा बॉयलर बसवायचा आहे, आधीच्यापेक्षा मोठा. गावात जनसुनावणी आहे. कागदपत्रं कार्यालयात पाहायला मिळतील. मी गेलो. जाडजूड बाड होतं. त्यात परिसराची हवा पूर्वीपासून चांगली असल्याचा पुरावा म्हणून एक जुना अहवाल जोडला होता. पान मी वाचायच्या आधीच ओळखलं. खाली माझी सही — वळणदार, ऐटीत केलेली.

एवढ्या वर्षांनी ते वाक्य अजून काम करत होतं. मी निवृत्त झालो होतो, ते झालं नव्हतं.

सुनावणीत उभं राहून सांगायचं, हे त्या कार्यालयाच्या बाकावर ठरलं. पण सुनावणीच्या आधी एका माणसाला सांगायला हवं होतं. चारचौघांत तिच्या कानावर पडावं, हे मला सहन झालं नसतं. की ती चारचौघांत काय म्हणेल याची भीती वाटली? दोन्ही असेल.

गोंदियाहून पॅसेंजरनं सौंदडला उतरलो, तिथून काळीपिवळीनं गावात. शेवंताबाई अंगणात खाटेवर बसल्या होत्या. पासष्टीच्या पुढं गेल्या आहेत. बोलता बोलता थांबतात, श्वास गोळा करतात, मग उरलेलं वाक्य बोलतात. उशाशी दम्याचा पंप होता. मला पाहून त्यांचा चेहरा फुलला.

“अवो, धूरवाले साहेब! मी म्हनलं… गेले असन तुमी. बसा बसा.”

मी बसलो नाही. वही काढली आणि उभ्यानंच सांगितलं. अकरा कागद सांगितले. मिल बंद असतानाचा फिका कागद सांगितला. अर्धा आटा सांगितला.

“म्या विचारलं तुमाले… त्या दिवशी मालूम होतं?”

“हो.”

“वही होती?”

“पिशवीत होती.”

त्यांनी तोंड समोरच्या रस्त्याकडं वळवलं. मला वाटलं, आता ओरडतील. मी त्यासाठी तयारी करून आलो होतो. शिव्या आल्या असत्या तर — खरं सांगतो — मला बरं वाटलं असतं. पण त्या बोलल्या त्या माझ्याशी नव्हत्याच.

“पोट्टे म्या आनले वापस,” त्या म्हणाल्या. “घरोघर गेली. तारकेची माय नाही म्हने… तिच्यासंग भांडली मी. म्हनलं, तुह्या पोरीले डोकं नाही येनार देवळात बसून. हात धरून आनली पोरगी… खिडकीपाशी बसवली. म्या.”

मी म्हणालो, बाई, तुमची काही चूक नाही. त्यांनी वळून माझ्याकडं पाहिलं. कुणाची चूक आणि कुणाची नाही, हे त्यांना मी सांगायचं?

मग त्या म्हणाल्या, “पेन हाये का?”

होता.

“लिवा.”

आणि त्यांनी नावं सांगायला सुरुवात केली. त्या पावसाळ्यापासून पुढं, वर्षावर्षानं, अंगणवाडीत बसलेली सगळी. हजेरीपट घरात नव्हता, तो कधीच जमा झाला होता. तोंडपाठ होती. पोराचं नाव, बापाचं नाव, कुणाशेजारी बसायचं. एक आता देवरीकडं ट्रक चालवतो. एक चिचगडला दिली. एकीचं नाव सांगताना म्हणाल्या, हिले सरदी कधी सुटलीच नाही. मी वहीच्या उरलेल्या पानांवर लिहीत गेलो. मध्येच त्या थांबायच्या, श्वास घ्यायच्या, आणि मी पेन धरून वाट पाहायचो. त्या श्वासाचा आवाज मला पूर्ण ऐकावा लागायचा.

एका नावाला माझा हात अडला. तो पोरगा मला आठवत होता. जिन्यात बसून माझ्या पिशवीत काय आहे विचारायचा. वयाच्या सहाव्या वर्षी छातीच्या दुखण्यानं गेला होता. तेव्हा मी गावात होतो, त्याच्या घरावरून गेलो होतो.

“थांबून काऊन राहिले?”

“तो तर…”

“तो बी तिथंच बसे. लिवा.”

मी लिहिलं. तो मिलच्या धुरानं गेला असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही. नाही, असंही मी म्हणू शकत नाही, कारण माहीत करून घेण्याचं साधन मी स्वतःच्या हातानं सैल केलं होतं.

नावं संपली तेव्हा ऊन अंगणातून सरकलं होतं. त्यांनी सगळी वाचून दाखवायला सांगितली. मी वाचली. दोन ठिकाणी त्यांनी बापाचं नाव दुरुस्त केलं. मग खाटेवर आडव्या झाल्या आणि भिंतीकडं तोंड केलं. मी निघालो.

सुनावणी सोमवारी आहे. वही, त्यातले अकरा आकडे, ती नावं आणि हा कागद मी तिथं देणार आहे. वाचू दिलं तर वाचणार आहे. गावात आता कुणी म्हणेल, पोरं शेवंताबाईनं परत आणली. ते खरं आहे. आणण्याआधी तिनं मला विचारलं होतं. मला खरं उत्तर माहीत होतं आणि मी तिला दुसरं सांगितलं.